अमिगा ५०० साठी कमोडोर १०८४एस मॉनिटर

१९८७ साली आलेला कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० हा घरगुती संगणक युरोपातल्या जुन्या बाजारात आजही मिळतो. घोडे अडते ते मॉनिटरपाशी. अमिगाच्या पाल (युरोपीय टीव्ही मानकाच्या) आवृत्तीची आडवी वारंवारिता, म्हणजे दर सेकंदाला काढल्या जाणाऱ्या आडव्या रेषांची गती, १५.६२५ किलोहर्ट्झ असते, तर व्हीजीए मॉनिटरना साधारण ३१ किलोहर्ट्झ लागते, त्यामुळे घरातला एलसीडी जोडला की बहुतेक वेळा 'आउट ऑफ रेंज' एवढीच अक्षरे पडद्यावर उमटतात. शिवाय या यंत्राचे काँपोझिट (सगळे चित्र एकाच तारेतून पाठवणारे) आउटपुट कृष्णधवल असल्याने रंगांसाठी आरजीबीखेरीज (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे पाठवणाऱ्या जोडणीखेरीज) चांगला मार्ग नाही.

कमोडोरचाच पिक्चर ट्यूबवाला १०८४एस मॉनिटर ही अडचण मुळापासून सोडवतो. ५० हर्ट्झवर सरकणारी खेळांमधली पार्श्वभूमी त्यावर सलग वाहते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर तीच ठरावीक अंतराने हिसके खाते. त्याच कंपनीच्या कमोडोर ६४ या संगणकाचे वेगवेगळे ल्यूमा-क्रोमा (उजेड आणि रंग यांचे) सिग्नल आणि कमोडोर १२८ चे ८० स्तंभांचे डिजिटल आरजीबी हाच मॉनिटर घेतो, आणि दोन स्पीकरही आतच आहेत. मात्र ६४० × ५१२ च्या इंटरलेस मोडमध्ये (ज्यात सम आणि विषम रेषा आळीपाळीने काढल्या जातात) बारीक आडव्या रेषा इतक्या थरथरतात की लेखनाचे काम तासभरही करवत नाही; अर्थात हा दोष मॉनिटरपेक्षा त्या मोडचाच आहे.

खरेदीपूर्वी मागच्या बाजूचा फोटो अवश्य मागवावा, कारण एकाच नावाच्या मॉनिटरवर कुठे ९ पिनांचा डी-सॉकेट असतो, तर कुठे ६ पिनांचा गोल डिन. मुख्य स्विच धरून न राहणे आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (पिक्चर ट्यूबला उच्च दाबाची वीज पुरवणारा भाग) निकामी होणे, ही या मॉनिटरची जुनी दुखणी. म्हणून तो समोर सुरू करून, चांगला तापेपर्यंत पाहावा. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो, तेव्हा जाणकाराशिवाय तो उघडू नये. पार्सलने मागवणे तर मला धाडसच वाटते.

जागा किंवा दुरुस्ती करणारा नसेल, तर जीबीएस-८२०० हा सिग्नल व्हीजीएमध्ये बदलणारा स्वस्त बोर्ड एलसीडीपुरते काम भागवतो, पण मूळ फर्मवेअरवर (बोर्ड चालवणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरवर) चित्र मऊ पडते. जीबीएस-कंट्रोल हे मोफत फर्मवेअर घातल्यावरच तो विचारात घेण्याजोगा होतो.

राहता राहिली केबल. अमिगाच्या व्हिडिओ पोर्टला लागणारा २३ पिनांचा कनेक्टर दुर्मीळ झाल्याने अनेकजण २५ पिनांचा कापून बसवतात. मॉनिटरसोबत मूळ केबल मिळत असेल, तर विक्रेत्याशी फार घासाघीस करू नये.