टंगस्टनची पातळ भिंत: ठोकळ्यातून कोरावी की प्लाझ्माने फवारून घडवावी?

शंकूच्या आकाराचे नोझल किंवा पातळ भिंतीची मूस टंगस्टनमध्ये करून घ्यायची असेल, तर दोन मार्गांपैकी एक निवडावा लागतो. पावडर दाबून आणि सिंटर करून (म्हणजे न वितळवता तापवून कण एकमेकांना सांधून) मिळालेला ठोकळा यंत्रावर आकाराला आणता येतो. किंवा ग्राफाइटच्या मँड्रेलवर, म्हणजे आतल्या आकाराच्या गाभ्यावर, निर्वात प्लाझ्मा फवारणीने (अतितप्त वायूच्या झोतात पावडर वितळवून फवारत) भिंत चढवून मँड्रेल काढून टाकता येते. दोन्ही प्रकारे काम केल्यानंतर माझा कल फवारणीकडे आहे. तुमच्या घटकाचा आकार वेगळा असेल, तर निष्कर्षही वेगळा निघू शकेल.

सळई, पट्टी, जाड चकती यांसाठी सिंटरिंगच बरे. घनता भरवशाची मिळते, खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो आणि पुरवठादार शोधावा लागत नाही.

माझा निर्णय फिरला तो काठामुळे. टंगस्टन सामान्य तापमानाला ठिसूळ असते, हे आपण सारेच जाणतो. पण भिंत एक-दोन मिलिमीटरवर आली आणि शेवटचा हात काठावरून फिरू लागला, की ते ठिसूळपण खऱ्या अर्थाने कळते. आतले कोरीवकाम निर्वेध पार पडते, माप बरोबर येते आणि नेमक्या त्या वेळी ओठाचा नखाएवढा टवका उडतो. वायरकटने, म्हणजे तारेच्या विद्युत ठिणग्यांनी कापल्यास, हा धोका कमी होतो, हे खरे. मात्र ठिणगीने कापलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्म भेगा राहू शकतात आणि तो थर घासून काढताना पुन्हा काठाशीच गाठ पडते. शिवाय ठोकळ्यातले बहुतेक महागडे टंगस्टन चुऱ्याच्या रूपाने निघून जाते.

फवारणीत कक्षातील हवा काढून कमी दाबाचा आर्गॉन भरतात. त्यामुळे ३४२२ अंश सेल्सिअसला वितळणारे टंगस्टन ऑक्सिडीकरण न होता थरावर थर बसते आणि मँड्रेल तापलेले ठेवता येत असल्याने थरांची पकडही सुधारते. आतला पृष्ठभाग ग्राफाइटची हुबेहूब नक्कल करतो. म्हणून कातकामाची सारी काळजी त्या मऊ ग्राफाइटवरच घ्यावी, कारण तिथला हत्याराचा ओरखडाही मुशीत उतरतो. अमेरिकेत हंट्सव्हिल येथील नासाच्या मार्शल केंद्राने अवकाशातील भट्ट्यांसाठी उच्चतापसह धातूंच्या नळ्या घडवण्याकरिता हेच तंत्र विकसित केले.

या मार्गालाही त्रास आहेतच. मँड्रेलला चुकवून जाणारी पावडर वाया जाते आणि फवारलेल्या भिंतीत बारीक छिद्रे उरतात. वायू रोखणारी भिंत हवी असेल, तर आधी सिंटर करून छिद्रे बंद करावीत आणि मगच हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगला (तापवून सर्व बाजूंनी वायूचा दाब देण्याच्या प्रक्रियेला) द्यावे, कारण पृष्ठभागावर उघडणारी छिद्रे वायूच्या दाबाने मिटत नाहीत. त्याआधी ग्राफाइटचा अंशही राहू देऊ नये, अन्यथा उच्च तापमानाला आतल्या बाजूस टंगस्टन कार्बाइड तयार होते. टंगस्टनचा ठिसूळपणा फवारणीने जात नाही. पातळ काठाला हत्यार लावण्याची वेळ मात्र फार कमी येते, आणि माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे.

संमिश्र पदार्थ हवा असेल, तर मला फारसा विचार करावा लागत नाही. दोन पावडर फीडरांचे प्रमाण हळूहळू बदलत आतून रेनियम हा धातू आणि बाहेर टंगस्टन अशी भिंत एकाच बैठकीत चढवता येते. ठोकळ्यातून कोरून असा घटक कसा मिळवावा, हे निदान मला तरी सुचलेले नाही.