टाके नाही मारले म्हणून एक स्टार देणाऱ्यांनो, हे वाचा (माझ्याकडून ४ स्टार)

खाली दोन-तीन जणांनी लिहून ठेवलं आहे का या दवाखान्यात घाव उघडाच ठेवतात, टाके मारत नाही, रोज चकरा मारायला लावतात, पैसे काढायचे धंदे आहेत. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीही हेच म्हणत होतो, बाहेर येऊन घरी फोन लावला आणि म्हटलं हा डॉक्टर काही बरोबर दिसत नाही, नागपूरला नेऊ. म्हणून मुद्दाम सात आठवडे थांबलो आणि आता लिहून राहिलो.

झालं असं का जानेवारीत पऱ्हाट्या (कापसाची वाळली झाडं) उपटणं चालू होतं, मागच्या खेपेला कापलेली एक खुंटी बाबांच्या स्लीपरमधून थेट तळव्यात घुसली. बाबांना बारा वर्षांपासून शुगर, पायाला धड काही समजतच नाही, दिवसभर तसेच वावरात फिरले. संध्याकाळी आईनं न्हाणीत लाल पाणी पाहिलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी जवळच्या एका डॉक्टरनं (नाव लिहत नाही, माणूस वाईट नाही) घाव धुऊन तीन टाके मारले, टीटी दिलं आणि पाच दिवस अमिकासिन नावाच्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं. वरून घाव असा छान बसला का बाबा म्हणाले, "झालं बे, उद्या वावरात जातो."

पाचव्या दिवशी घरात वास सुटला. आई कोठी हलवून, पलंग सरकवून मेलेला उंदीर शोधून राहिली, अर्धा दिवस शोधला. उंदीर नव्हता, बाबांचा पाय होता.

इथं आलो तं डॉक्टरनं पट्टी सोडली आणि रिपोर्ट-बिपोर्ट न विचारता पहिले नाक जवळ नेलं. मला कसंतरीच झालं, पण ते म्हणाले असा सडका वास आला का हवा नको असणारे जंतू आहेत हे जवळपास पक्कं समजा, मात्र वास नाही म्हणजे ते नाहीत असंही नसते. मग घावाच्या चारी बाजूनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, कातडीखाली करकर लागते का म्हणून, कारण तशी लागली तं आत गॅस धरून राहिला असतो आणि मग पाय काय जीवही वाचवणं कठीण. करकर नव्हती. देवाची कृपा. टाके काढले तं आतून चॉकलेटी पाणचट पू आणि त्यासोबत पऱ्हाटीचा काळा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. तीन टाक्यांखाली इतके दिवस तो आतच होता!

मेलेलं मांस कापून काढलं, घाव चांगला लिंबाएवढा झाला आणि तसाच उघडा ठेवला. मी चिडलो, काहून शिवत नाही साहेब? तं म्हणाले, "शिवलं म्हणजे त्यांनाच घर बांधून देणं आहे." या जंतूंना ऑक्सिजन म्हणजे विष, त्याचा मारा सहन करायची सोय त्यांच्याजवळ नसते नाहीतं लय कमी असते. खोल बारीक भोक, आत मेलेलं मांस, काडीचा तुकडा, शुगरमुळे रक्त कमी पोचते, वरून तोंड बंद, यापेक्षा चांगली जागा त्यांना कुठं भेटणार? आणि हे एकटे राहत नाहीत, सोबतचे साधे जंतू तिथला उरलासुरला ऑक्सिजन खाऊन यांना जागा मोकळी करून देतात. १९१४ च्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमकडची लढाई शेणखत घातलेल्या वावरांमध्ये झाली, त्या मातीनं भरलेले घाव शिवले का आत गॅस धरून पाय सडायचे, तेव्हा डॉक्टर लोकांनी घाव कापून उघडे ठेवायचं आणि साफ झाल्यावरच बंद करायचं हे पुन्हा धरलं. आपलं वावर काय वेगळं आहे, शेणखताची गाडी तं आपणच टाकतो.

आधीची इंजेक्शनं का लागू पडली नाहीत तेही सांगितलं. अमिकासिनला जंतूच्या आत शिरायलाच ऑक्सिजन लागते, म्हणून या जातीवर ते काही करत नाही. आणि टीटी घेतलं होतं तरी पू कसा, हे तं आमच्या अर्ध्या गावानं मला विचारलं. अहो ती लस फक्त धनुर्वाताच्या विषावर आहे, पुवाशी तिचा संबंध नाही. धनुर्वाताचा जंतू मात्र याच खानदानातला, माती-शेणात बीसारखा वर्षानुवर्षं पडून राहते, १८८९ मध्ये कितासातो नावाच्या जपानी डॉक्टरनं तो पहिल्यांदा वेगळा करून वाढवला. (हे मोबाईलवर वाचलं, वॉर्डात बसून दुसरं करायचं काय, नेटवर्क फक्त खिडकीत येते.)

चार स्टारपैकी दीड स्टार तं मी एका सिरिंजसाठी देतो. पुवाचा नमुना कापसाच्या काडीवर घेतला नाही, खोलातून सिरिंजनं ओढला, आतली हवा काढली आणि लॅबकडून आणलेल्या रबरी बुचाच्या शिशीत बूच टोचून सोडला. फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणून मला दोनदा बजावलं आणि त्याच दिवशी नागपूरच्या गाडीनं पाठवला. काडीवर घेतला असता तं रस्त्यातच हवा लागून ते बहुतेक मेले असते आणि रिपोर्टात त्यांचं नावच आलं नसतं, कधी कधी तं नुसतं "नो ग्रोथ" येते, म्हणजे काहीच नाही. माझ्या चुलत्याच्या पायाचा तसाच रिपोर्ट आला होता तीन वर्षांआधी, आता समजते. आमचा रिपोर्ट सहाव्या दिवशी आला कारण हे जंतू सावकाश वाढतात आणि वाढवायलाही हवा काढलेला डबा लागते. ई. कोलाय (हा हवेतही वाढणारा साधा जंतू) आणि सोबत बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस (हा बिगर हवेचा). हा दुसरा म्हणे आपल्याच आतड्यात सुखानं राहते, तिथं बिगर हवेचे जंतू हवावाल्यांच्या हजार पट असतात आणि काही बिघडवत नाहीत, भलत्या जागी गेले का मग तमाशा.

औषध पहिल्या दिवसापासूनच चालू होतं, बिगर हवेच्या जंतूंवरच्या मेट्रोनिडाझोलच्या १०० एमएलच्या बाटल्या आणि सोबत दुसरं एक अँटिबायोटिक. बाबांच्या तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव, लघवी लालसर, घाबरून गेले, तं सिस्टर म्हणाली औषधानंच होते. दारू बंद म्हणून तंबी दिली ते बरं झालं, कारण भेटायला आलेल्या एका दोस्ताच्या थैलीत मोहाची होतीच. याच औषधाच्या गोळीचा हिरड्यांवरचा गुण १९६२ मध्ये चुकून कळला, बाईला दिली होती दुसऱ्याच दुखण्यासाठी आणि तिच्या हिरड्याही बऱ्या झाल्या. हिरडीच्या खोबणीत हेच भाऊबंद बसले असतात. आमच्याकडं खर्रा खाऊन अर्धे लोक तोंडाचा वास घेऊन फिरतात, त्यांनी दाताच्या डॉक्टरला एकदा तोंड दाखवा, ही गोळी मनानं घेऊ नका.

बाकी रोजचं ड्रेसिंग. १५० रुपये. कंपाउंडर पोट्टा चोवीस-पंचवीसचा असेल पण हात एकदम हलका, घावात भरलेली जुनी जाळीची पट्टी सलाईननं भिजवून दिव्याची वात ओढावी तशी हळूहळू काढते. मी म्हटलं पेरॉक्साईड टाक ना, फेस येते तं साफ होते, तं म्हणाला रोज टाकलं का नवीन मांस जळते. बाबा पायाकडं पाहतच नव्हते, भिंतीवरच्या खताच्या कंपनीच्या कॅलेंडरमध्ये पाहत बसायचे. तिसऱ्या आठवड्यात मी बळजबरीनं पाहायला लावलं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस भरून आलं होतं. तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "पाय राहते वाटते."

आता एक स्टार काहून कापला. डॉक्टर फटकळ आहे, शुगरवरून बाबांना सगळ्यांसमोर झापलं. टोकन नाही, ओरडेल त्याचा नंबर. पावती मागितल्याशिवाय भेटत नाही. शनिवारी बाजार असते तेव्हा येऊच नका, नऊच्या आत आले तं एक तासात मोकळे होता. चादर घरून आणा.

आता घाव रुपयाच्या नाण्याएवढा उरला, सोमवारी पुन्हा बोलावलं आहे. साहेब, तुम्ही हे वाचत असाल तं एकच विनंती, दवाखाना पायाच्या पेशंटचा आणि संडास पहिल्या मजल्यावर, हे काही बरोबर नाही. खाली जिथं तुमची स्कूटर राहते तिथं जागा आहे.