दस्त्याचे 33,500 रुपये आणि घाटावरचा एक बंदूकवाला

आमची बारा बोरची दुनळी बंदूक आजोबांच्या वेळची. परवाना शेतीसंरक्षणाचा, वडिलांनंतर माझ्या नावावर आला. भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात तेव्हा हवेत बार काढायचा, एरवी बंदूक कपाटात. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मुठीपाशी चिरला होता. आमच्या तालुक्यात नवा दस्ता घडवणारा कोणी नाही, म्हणून घाट चढून एका बंदूक दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेलो.

अक्रोडाचा दस्ता, माझ्या मापाचा, वर नळ्यांना नवा काळा रंग. ठरले 38,000. आगाऊ 20,000 दिले.

त्याने कोपरापासून चापावरच्या बोटापर्यंत माप घेतलं, खांद्याला टेकवून गाल कुठे बसतो ते पाहिलं, आणि सगळं कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं. मी परवान्याचं पुस्तक पुढे केलं तर म्हणाला, "राहू दे हो काका, तुम्ही काय परके?" रजिस्टर तिथेच टेबलावर होतं, बंद. नंबर आणि परवाना रजिस्टरला चढवल्याशिवाय बंदूक ठेवून घेता येत नाही, हे बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. तिथेच बंदूक उचलून चालू लागायला हवं होतं! पण याच्या बापाने माझ्या वडिलांचं काम केलेलं, भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला. अशा माणसाला "आधी रजिस्टर उघड" असं तोंडावर कोण सांगतं? तुम्ही सांगितलं असतं?

पावतीवर फक्त "रु. 20,000 मिळाले". बंदुकीचा नंबर नाही. पावतीवर नंबर नसेल तर पैसे देऊ नका, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.

पुढे कारणं सुरू झाली, आणि प्रत्येक कारण अर्धं खरं. काश्मीरमध्ये अक्रोड तोडायला परवानगी लागते, खरं आहे. ओलं लाकूड घडवलं तर पिळतं, तेही खरं. पावसाळ्यात पॉलिश धरत नाही, हे तर मीच दुसऱ्याला सांगेन. मध्येच "लाकूडवाल्याला रोख लागतात" म्हणून 9,500 नेले, त्याचा पुरावा शून्य. रंगाच्या औषधाला 4,000. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लाकडाचा फोटो आला: काळ्या रेषांचं सुंदर अक्रोड, वर खडूने माझं नाव. फोटो पाहून मी आणखी थांबलो.

2024 ची विधानसभा लागली आणि शस्त्रं जमा करायची नोटीस आली. पोलीस ठाण्यात माझ्यासारखाच एक हात हलवत आलेला. त्याचीही बंदूक त्याच दुकानात. त्याने मोबाइल काढला. तेच लाकूड, तीच गाठ, खडूने त्याचं नाव.

जमादार माझ्यावरच घसरले. "बंदूक कुठाय? पावतीवर नंबर कुठाय? परवाना रद्द करायला पाठवू का?" मग ठाण्यातून दुकानात एक फोन गेला आणि बंदूक दोन दिवसांत हजर. जुनाच दस्ता! चिरेत भुसा आणि गोंद भरून वर पॉलिश. नळ्यांना हातसुद्धा लावलेला नव्हता.

म्हणजे यंत्रणा हलते, फक्त तिला हलायचं असेल तेव्हा. पैशांचं काढलं की तेच जमादार, "बंदूक मिळाली ना? बाकी दिवाणी मामला." तिघांकडून आगाऊ घेऊन एकच फळी दाखवणं दिवाणी कसं? (तिसरा नंतर भेटला.) लेखी तक्रार नेली तर पोच द्यायला तयार नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयात गृह शाखेत गेलो, तर "दुकान दुसऱ्या जिल्ह्यातलं, तिकडे जा." तिकडे गेलो तर "तुमचा परवाना कुठला? मग तिकडेच." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली, आणि दुकानदार उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. उत्तर देत नाही हीच तर तक्रार होती! रजिस्टर तपासायचा अधिकार ज्यांना आहे, ते त्या दुकानात शेवटचे कधी गेले होते, हे मला कोणी सांगेना.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लागतोच असं नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. "पुढच्या महिन्यात नक्की" ऐकत बसलात तर ती मुदत तिथेच संपते. माझे 33,500 अजून त्याच्याकडेच आहेत.

घाटावर कोणाची बंदूक अशीच अडकली असेल तर त्याला फोन करण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैशांचं मागाहून बघता येईल. बंदूक गहाळ झाली तर आत जायची पाळी आधी आपली येते.