699 चं जर्नल वि. 160 ची लाल चोपडी: दोन्ही वापरून झाल्यावर

मे अटेम्प्टचा रिझल्ट लागला, ग्रुप वन 146. ज्यांना सीए फायनलची भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्रुपात तीन पेपर, प्रत्येकात किमान 40 आणि तिन्ही मिळून 150 लागतात. माझे एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) 44, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) 58, ऑडिट 44. म्हणजे ग्रुप 4 मार्कांनी गेला आणि एएफएमचं एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर पुढच्या वेळी परत न देण्याची सूट, ज्याला 60 लागतात, ते 2 मार्कांनी. त्यापेक्षा सरळ वीस-वीस पडले असते तर निदान झोप तरी लागली असती.

मग ऑगस्टपासून टॅक्स ऑडिटचा सीझन. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसातली उमेदवारी, संपल्यावर मी त्याच ऑफिसात पेड असिस्टंट म्हणून राहिलेय, रिपोर्ट भरायची 30 सप्टेंबरची मुदत डोक्यावर, मुदतवाढ मिळणार-नाही मिळणार याची रोज नवी अफवा, रात्री साडेनवाला अभ्यासिकेत जाऊन पुस्तक उघडायचं आणि एकाच पानाकडे पाऊण तास बघत बसायचं. घरून फोन आला की "चाललंय" एवढंच. अशाच एका रात्री दीड वाजता मोबाईलवर ते 699 चं जर्नल दिसलं, रोज मनातलं लिहायची छापील वही, आणि मी ऑर्डर करून टाकलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा दहा जणांची सेम टू सेम जर्नल्स मिळतात.

आधी चांगलं सांगते. दिसायला सुंदर आहे. जाड कागद, जेल पेन मागच्या पानावर उमटत नाही, फितीची खूण, स्टिकर्स. तारखा छापलेल्या नाहीत त्यामुळे चार दिवस चुकले तरी वही टोमणे मारत नाही. 90 दिवसांचं आहे.

आता खरं. रोज तेच पान. आज कशाकशाबद्दल कृतज्ञ आहात, तीन ओळी. मूड कसा आहे, पाच चेहऱ्यांपैकी एकावर टिक. खाली एक चौकोन, त्यात स्वतःला उद्देशून एक छान वाक्य लिहायचं. सगळं इंग्रजीत, त्यामुळे मी पण इंग्रजीतच लिहायला लागले आणि इंग्रजीत लिहिलं की माझं सगळं इंटरव्ह्यूत दिलेल्या उत्तरासारखं होतं. आठव्या दिवशी माझी कृतज्ञता होती: चहा, वायफाय, परत चहा. त्या खालच्या चौकोनात "आय अ‍ॅम इनफ" असं नमुन्यादाखल छापलेलंय, आता 146 वालीने ते कुठल्या तोंडाने लिहायचं. आणि ज्या दिवशी खरंच खूप काही साचलेलं त्या दिवशी जागाच पुरेना, तीन ओळी संपल्या की संपलं. सोळाव्या दिवशी एक पान शिलाईतून सुटून हातात आलं, कंप्लेंट केली तर "वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही". बरोबर आहे म्हणा, वही न वापरता कळणार कसं.

दोन स्टार. एक कागदाला, एक फितीला.

चोपडीची गोष्ट वेगळी. ऑफिसच्या फायली आणायला पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेले होते, एका दुकानात मागच्या फळीवर त्या लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या दिसल्या, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पूजतात त्या. आमच्या आबांचं बार्शीला भुसाराचं दुकान होतं, रोज रात्री शटर अर्धं ओढून ते असल्याच वहीत रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, लिहायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची. रुपया जुळला नाही तर जेवायला घरी येत नसत, आजी ताट झाकून बसायची. दुकानदाराने विचारलं, "रोजमेळाला पाहिजे का खतावणीला?" खतावणी म्हणजे खातेवार हिशेबाची वही. मी म्हटलं रोजमेळाला. 160 रुपये.

आणि गंमत बघा, आपण अकाउंट्सवाले जर्नल जर्नल करतो त्याला मराठीत आधीपासून शब्द आहे, किर्द. मी 699 ला दुसऱ्याची किर्द विकत घेतली होती.

तर मी लिहिते असं. डाव्या बाजूला आज काय जमा झालं, म्हणजे दिसेल असं काहीतरी, "छान वाटलं" चालत नाही. "इंड एएस 115 ची चार गणितं, तीन बरोबर" चालतं (इंड एएस म्हणजे एफआरमधली अकाउंटिंगची मानकं). "क्लायंटने दोनदा फोन केला, आवाज चढवला, मी नाही चढवला" हेही चालतं. उजव्या बाजूला काय गेलं, वेळ, डोकं, झोप. आणि ज्याचं खातंच सापडत नाही, नुसती धडधड असते, ते सस्पेन्स अकाउंटला. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या दोन बाजूंची बेरीज, जुळला नाही की फरक तिकडे टाकून पुढे जातो ना आपण, तसंच. पण सस्पेन्स कायमचं ठेवायचं नसतं, रविवारी बसून क्लिअर करायचं.

महिनाभराने मागची पानं चाळली तर सस्पेन्समध्ये "मला काहीच येत नाही" अकरा वेळा. अकराच्या अकरा ऑडिटच्या पेपरचा अभ्यास केला त्या दिवशी. एफआरच्या दिवशी एकदाही नाही. मग त्या रविवारी खरं खातं शोधलं तेव्हा पानभर लिहिता लिहिता आठवलं की परीक्षेत माझा शेवटचा 14 मार्कांचा प्रश्न कोराच राहिलेला, एसएचे, म्हणजे ऑडिटच्या मानकांचे, नंबर पाठ होते, वेळ पुरला नव्हता. तीन महिने मी "मी ढ आहे" म्हणत फिरत होते आणि होता घड्याळाचा प्रॉब्लेम. ती नोंद सस्पेन्समधून काढून वेळेच्या खात्याला टाकली, त्या दिवसापासून ऑडिटची उत्तरं गजर लावून लिहिते. कॉन्फिडन्स आला का तर हो, पण तो कुठल्या वाक्यातून नाही आला, डावीकडच्या रकान्यातून आला.

हे माझं एकटीचं खूळ नाही बरं का. 1986 मध्ये पेनबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनातलं सगळ्यात जड लिहायला लावलं, लिहिल्या लिहिल्या मुलांना आणखीच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. पहिल्या आठवड्यात मलाही रडूच येत होतं, त्यामुळे हे वाचून जीव भांड्यात पडला. 2011 मध्ये शिकागोला परीक्षेआधी 10 मिनिटं भीती कागदावर उतरवायला लावली तर घाबरट मुलांचे मार्क सुधारले. आणि 2018 मध्ये बेलर युनिव्हर्सिटीत 57 जणांवर करून बघितलं, झोपायच्या आधी 5 मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे हे झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी 9 मिनिटं लवकर झोपले. म्हणून मी जमा रात्री न लिहिता संध्याकाळी ऑफिसातून निघताना लिहिते, रात्री फक्त उद्याचं.

चोपडीच्या तक्रारी भरपूर आहेत. कागद पातळ, जेल पेन आरपार जातं, साधं बॉलपेनच वापरा. लांबी एवढी की पीजीच्या फोल्डिंग टेबलावर अर्धी बाहेर लटकते आणि बॅगेत तिरकी ठेवावी लागते. ओल्या हाताने धरली तर लाल रंग लागतो, माझी एक पांढरी ओढणी गेली. रेघा नाहीत, नुसत्या घड्या पाडलेल्या असतात, त्यामुळे अक्षर गावभर फिरतं. आणि ऑफिसात काढली की सर विचारतात कुठल्या क्लायंटची आहे.

एक सिरियस. झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडालीय किंवा जगावंसंच वाटत नाहीये असं असेल तर वही घेऊन एकटं बसू नका, आधी माणसाशी बोला. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

चोपडीला चार स्टार, एक ओढणीचा कापला. घ्यायची तर दिवाळीच्या गर्दीआधी घ्या. मी रूममेटसाठी पण एक आणली होती, तिला सगळं समजावून सांगितलं, जमा, नावे, सस्पेन्स. तिने दोन दिवस मान डोलावली आणि तिसऱ्या दिवसापासून त्यात दुधाचा हिशेब लिहायला लागली. दूधवाल्याकडे आमचे 84 रुपये जास्त गेलेले निघाले.