136 वरून 259 पौंड: वीज-गॅसच्या डायरेक्ट डेबिटचा आमचा अनुभव

डिसेंबर 2024 च्या मध्यावर कंपनीची मेल आली: जानेवारीपासून तुमचा महिन्याचा डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप जाणारा हप्ता) 136 ऐवजी 259 पौंड होईल. मी नुकतीच शाळेतून घरी आले होते. अंगातला कोटही काढला नव्हता. उभ्या उभ्या ती मेल दोनदा वाचली आणि नवऱ्याला हाक मारली. आमचं बोलणं हॉलमध्ये बसलेल्या सासूबाईंच्या कानावर गेलं.

आई नोव्हेंबरात कराडहून आल्या होत्या, इथला हिवाळा पहिल्यांदाच बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर त्या स्वेटरवर शाल, शालीवर आणखी एक शाल घेऊन बसलेल्या, आणि खोली गरम करणाऱ्या रेडिएटरचं बटण शून्यावर. मला म्हणाल्या, "मी आले म्हणून वाढलं ना गं बिल? राहू दे, मला थंडीची सवय आहे." मी बटण परत फिरवलं. त्या मी शाळेत गेल्यावर पुन्हा बंद करत होत्या, हे मला जानेवारीत कळलं.

हे सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे बिलाची ती उडी आईंमुळे नव्हती.

आम्ही इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत राहतो, 1930 च्या दशकातल्या एका सेमी (एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या) घरात. सप्टेंबर 2023 मध्ये घर घेतलं आणि वीज आणि गॅस दोन्ही एकाच कंपनीकडून घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते पैसे भरण्याच्या पद्धतीबद्दल, आणि ती पद्धत इथल्या बहुतेक कंपन्यांची सारखीच आहे.

कराडला आमच्याकडे महावितरणचं बिल येतं. जितके युनिट जळले तितके पैसे, शिवाय स्थिर आकार. उन्हाळ्यात पंखा-कूलरमुळे वाढतं, पावसाळ्यात उतरतं, आणि ते वाढलं की का वाढलं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. इथे तसं नाही. इथे कंपनी तुमच्या वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधते, त्याला बारानं भागते आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बँकेतून स्वतः ओढून घेते. उन्हाळ्यात तुम्ही वापरापेक्षा जास्त भरता, ती शिल्लक खात्यात साठते, हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की ती संपते. माझा शाळेतला पगारही असाच बारा सारख्या हप्त्यांत येतो, सुट्टीच्या महिन्यातही तेवढाच. त्यामुळे ही कल्पना मला मुळात आवडली होती, आणि आजही ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

पण त्यात एक गोम आहे, आणि ती आम्हाला कुणी सांगितली नाही. तुम्ही खातं कोणत्या महिन्यात उघडता यावर खूप काही अवलंबून असतं. आम्ही सप्टेंबरात आलो. म्हणजे उन्हाळ्याची साठवण शून्य, आणि लगेच समोर हिवाळा. पहिल्या मार्चपर्यंत खातं उणे झालं, कंपनीनं डेबिट वाढवला. ऑगस्टपर्यंत ते अधिक झालं, मग कमी केला. वर्षभर मी समजत होते की आमचाच वापर वेडावाकडा आहे. खरं तर आमचा वापर सरळ होता, खातं चुकीच्या टोकाकडून सुरू झालं होतं. तुम्ही एप्रिल-मेमध्ये खातं उघडलं असेल तर हा त्रास बराचसा टळतो.

दुसरी गोष्ट ऑफजेमच्या, म्हणजे इथल्या वीज-गॅस कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, दरमर्यादेची. ही मर्यादा आता दर तीन महिन्यांनी बदलते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. बातम्यांत एक मोठा आकडा सांगतात, जुलै 2024 ला 1,568 पौंड होता, एप्रिल 2025 ला 1,849. अनेकांना वाटतं यापेक्षा जास्त बिल येऊच शकत नाही. तसं नाही. मर्यादा युनिटच्या दरावर आणि रोजच्या स्थिर आकारावर आहे. ते मोठे आकडे वर्षाला 2,700 युनिट (किलोवॅट-तास) वीज आणि 11,500 युनिट गॅस वापरणाऱ्या घराचे होते. तुम्ही जास्त जाळलंत तर जास्तच भराल.

आता त्या 259 कडे येते.

मेल आल्यावर मी कंपनीला फोन केला. अर्धा तास थांबल्यावर ज्या बाई बोलल्या त्या सभ्य होत्या. त्यांनी विचारलं, "हल्ली घरी कुणी राहायला आलंय का?" मी हो म्हणाले. "मग हीटिंग दिवसभर चालू असेल." तेही खरं होतं. विषय तिथेच संपला. मलाही ते पटलं आणि मी फोन ठेवला. त्याची खंत मला अजून आहे, कारण त्या उत्तरामुळे मी आणखी महिनाभर काहीच तपासलं नाही आणि आई थंडीत बसून राहिल्या.

जानेवारीत डिसेंबरचं बिल आलं. गॅसचे 4,466 युनिट, जवळजवळ 279 पौंड, फक्त गॅसचे. तेव्हा मात्र मी ठरवलं की आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. आमचा गॅसचा मीटर घराबाहेर, दाराशेजारच्या पांढऱ्या पेटीत आहे. ती तीनकोनी किल्लीनं उघडते. अंधार होता, मुलगा मोबाईलचा टॉर्च धरून उभा होता. ऑक्टोबरात जुना मीटर काढून नवीन स्मार्ट मीटर बसवला होता, तो मी नीट पाहिलाच नव्हता. पडद्यावर आधी पाच आकडे, मग टिंब, मग तीन आकडे. आणि बाजूला बारीक अक्षरात एम, त्यावर छोटासा 3. घनमीटर.

आत येऊन बिल काढलं. दुसऱ्या पानावर जिथे गॅसचा हिशेब असतो तिथे लिहिलं होतं: घनफूट. आणि त्याच्या पुढे गुणाकारात 2.83.

जुना मीटर घनफुटांचा होता, चार आकड्यांचा. असे मीटर शेकडो घनफुटांत मोजतात, म्हणून आधी 2.83 नं गुणून त्याचे घनमीटर करावे लागतात. नवीन मीटर घनमीटरमध्येच मोजत होता, पण कंपनीच्या नोंदीत तो जुन्यासारखाच राहिला होता. म्हणजे आमचा गॅस जवळजवळ तिप्पट मोजला जात होता.

मी कागद-पेन घेऊन बसले. नोव्हेंबरचा वापर 112 घनमीटर. त्याला 1.02264 या ठरलेल्या दुरुस्ती-गुणकानं गुणायचं, मग बिलावर दिलेल्या गॅसच्या उष्मांकानं गुणायचं (आमच्या बिलावर 39.4 होता) आणि 3.6 नं भागायचं. आले 1,253 युनिट. बिलात होते 3,547. त्या तिमाहीच्या 6.24 पेन्सच्या दरानं खरे पैसे 78 पौंड, लावलेले 221. हा हिशेब तीन वेळा केला. तिसऱ्यांदाही तोच आकडा आल्यावर मी आईंच्या खोलीत गेले, त्यांचा रेडिएटर चारवर केला आणि त्यांच्या हातात तो कागद दिला. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाल्या, "म्हणजे मी नव्हे?" मी म्हटलं, "आई, तुम्ही नव्हे."

19 जानेवारीला लेखी तक्रार केली. मेलमध्ये पहिल्याच ओळीत "ही तक्रार आहे" असं स्पष्ट लिहिलं. सोबत तीन फोटो: मीटरचा पडदा, मीटरचा क्रमांक, बिलातली घनफुटांची ओळ. तक्रार नोंदवल्यापासून 8 आठवड्यांत प्रश्न सुटला नाही, किंवा कंपनीनं आता आम्ही काही करू शकत नाही असं लेखी कळवलं, तर एनर्जी ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यांचा निर्णय तुम्ही स्वीकारला तर कंपनीला तो पाळावा लागतो. मी मेलमध्ये ती तारीखही लिहून टाकली.

दरम्यान बँकेतून डेबिटच रद्द करून टाकायचा मोह खूप झाला. नवरा तर मोबाईलवर बटणापर्यंत पोहोचला होता. मी अडवलं. डेबिट रद्द झाला की कंपनी तुम्हाला बिल आल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या महाग दरात टाकू शकते, आणि थकबाकीचा शिक्का वेगळाच. त्याऐवजी लेखी मागणी केली की वाद मिटेपर्यंत रक्कम 136 वर ठेवा. फेब्रुवारीत नाही ऐकलं, 259 गेलेच. मार्चमध्ये ऐकलं.

जानेवारीचं बिलही तसंच चुकीचं आलं. शेवटी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिन्ही महिन्यांची बिलं नव्यानं निघाली. फरक 528 पौंडांचा. वर 30 पौंड मनस्तापाबद्दल जमा केले. ज्या माणसानं शेवटी प्रकरण हातात घेतलं त्यानं चूक सरळ मान्य केली, फोन करून समजावून सांगितलं, आणि दुरुस्ती झाल्यावर पुन्हा फोन केला. त्याच्यासाठी मी एक तारा वेगळा देते.

एप्रिल 2025 पासून आम्ही बदलता डायरेक्ट डेबिट घेतला आहे. त्या महिन्यात जेवढं वापरलं तेवढंच बँकेतून जातं. ही सोय प्रत्येक कंपनी देतेच असं नाही, आणि दर तोच राहणार का हे आधी विचारून घ्या. आमच्याकडे जुलैत 88 पौंड गेले, या जानेवारीत 207. हा चढउतार पगारावर आदळू नये म्हणून बँकेच्या ॲपमध्ये एक वेगळा पॉट (पैसे बाजूला ठेवायचा कप्पा) केला आहे. दर महिन्याच्या 1 तारखेला त्यात 140 टाकते, उन्हाळा असो की हिवाळा, आणि कंपनीचा डेबिट त्यातूनच जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यात चांगली रक्कम जमलेली असते. कंपनी करत होती तेच मी करते, फक्त शिल्लक माझ्याकडे असते आणि बिल चुकलं तर त्याच महिन्यात दिसतं. ठरलेल्या हप्त्यात चूक दबून राहते, कारण हप्ता दर महिन्याला सारखाच दिसतो.

पण हे सगळ्यांना सुचवणार नाही. आमच्याच गल्लीत एक आजी एकट्या राहतात, पेन्शनवर. त्यांना जानेवारीत एकदम 200 गेलेले झेपणार नाहीत, आणि पॉटमधले पैसे नातवंडांच्या वाढदिवसाला निघून जातील असं त्या स्वतःच सांगतात. त्यांना ठरलेला हप्ताच बरा. त्यांचा मीटर साधा आहे, म्हणून मी दर महिन्याला त्यांचं रीडिंग घेऊन ॲपवर टाकून देते. काळे आकडे तेवढे घ्यायचे, लाल सोडून द्यायचे. आणि हिवाळा संपला की, एप्रिल-मेच्या सुमारास, खात्यात किती शिल्लक आहे ते बघायचं. त्या वेळी आकडा शून्याच्या आसपास असायला हवा. आजींच्या खात्यात गेल्या मेमध्ये 190 पौंड जास्तीचे होते. मागितल्यावर परत आले. मागितले नसते तर तिथेच राहिले असते.

स्मार्ट मीटर बसवून घेतलेल्यांना एवढंच सांगते की बसवल्यानंतरचं पहिलं बिल उघडून गॅसच्या हिशेबाची ओळ बघा. मीटरवर घनमीटर आणि बिलात घनफूट, असं असेल तर त्याच दिवशी लिहा. पेटीची तीनकोनी किल्ली कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

कंपनीला पाचपैकी दोन तारे. बदलत्या डेबिटच्या सोयीला चार. एक कापला कारण दीड वर्षात ही सोय असल्याचं त्यांनी स्वतःहून कधीच सांगितलं नाही, भांडण झाल्यावर सांगितलं.

आई या नोव्हेंबरात परत येणार आहेत. जूनपासूनच पॉटमध्ये 140 ऐवजी 155 टाकायचं ठरवलंय. त्यांच्या खोलीतला रेडिएटर या वेळी पहिल्या दिवसापासून चारवर.