वजन कमी करून देतो म्हणणाऱ्यांनी ताईला कसं फसवलं

माझी मोठी बहीण बोरिवलीला राहते, नोकरी चर्चगेटला. लोकलच्या लेडीज डब्यात दाराशेजारी स्टिकर होतं : 'महिन्यात ८ किलो कमी. व्यायाम नाही, उपास नाही.' खाली फोन नंबर. बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरत नव्हतं, म्हणून ती स्टेशनजवळच्या त्या सेंटरमध्ये गेली. तिथे जे घडलं ते सविस्तर लिहितेय, कारण अशी स्टिकरं अजूनही रोज दिसतात.

आधी त्या ८ किलोंचा हिशोब करू. १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. महिन्यात ८ किलो चरबी घटवायची तर रोज २,००० कॅलरींची तूट हवी. बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची एकूण गरजच साधारण १,७०० ते २,००० असते. म्हणजे महिनाभर अन्नाचा कण पोटात गेला नाही तरीही हा आकडा गाठणं कठीण. हे त्या सेंटरवाल्यांना माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मग काट्यावर वजन घटलेलं कसं दिसलं? पहिल्या दिवशी ताईचं वजन संध्याकाळी घेतलं, ऑफिसच्या कपड्यांत, 'मॅडम, आधी पाणी घ्या' म्हणून मोठा ग्लास प्यायला लावून. त्यानंतर प्रत्येक वेळी सकाळी, उपाशीपोटी. एवढ्यानेच किलो-दीड किलोचा फरक पडतो. शिवाय पहिल्या आठवड्यात भात, पोळी, फळं सगळं बंद. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिठूळ पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी असतं. साठा संपला की ते पाणी निघून जातं. काट्यावर ३ किलो कमी दिसले, तेव्हा 'बघा, चरबी वितळली' असं सांगून फोटो काढला. ते बहुतेक पाणी होतं. दोन घास भात खाल्ला की परत येणारं.

घट थांबली तेव्हा 'पूर्ण हर्बल' कॅप्सूलची डबी हातात दिली. ताईची झोप उडाली, तोंडाला कोरड पडायची, छातीत धडधडायचं. आमच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि डबी मागवली. त्यावर उत्पादकाचं नाव नाही, बॅच नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. त्यांनी कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या. त्यात काय आहे, हे सेंटरमधलं कुणीही सांगेना. भूक मारणाऱ्या सिब्युट्रामिन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी आली, पण वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' गोळ्यांत ते लपवून घातलेलं जगभर सापडत आलं आहे. आणि लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. पहिल्या दिवशी इंच मोजणाऱ्या त्या बाईंनी थायरॉइड, बीपी, चालू औषधं यांपैकी काहीच विचारलं नव्हतं. पांढरा कोट मात्र घातला होता.

सगळ्यात मोठा घाव पैशाचा. पॅकेज ४८,००० रुपयांचं. 'महिन्याला फक्त चार हजार, नको वाटलं तर बंद करा' असं सांगून आधार, पॅन घेतलं आणि फोनवर आलेला ओटीपी विचारला. ती महिन्याची फी नव्हतीच. फायनान्स कंपनीकडून ताईच्या नावावर कर्ज काढलं होतं आणि सगळी रक्कम सेंटरला एकदम मिळाली होती. तिने जाणं बंद केलं, हप्ते चालूच राहिले. हप्ता चुकवावा तर सिबिल, म्हणजे पुढे कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर, खराब होणार. पैसे परत मागितले तेव्हा फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं दाखवली : 'नो रिफंड'. नंतर अर्धे पैसे देऊ केले, पण 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून द्या म्हणाले. ताईने सही केली नाही. फार बरं केलं.

तुमच्या घरात कुणी असं अडकलं असेल तर पावती, डबी, स्टिकरचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे निरोप, काही टाकू नका. बिल न देणं आणि सदोष सेवेचे पैसे न परतवणं, दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मग जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र २ वर्षांच्या आत जायला हवं. डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करायची.

ताई आता पालिकेच्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांकडे जाते. केसपेपरच्या पैशांत काम होतं. त्यांनी आधी थायरॉइड तपासून घेतलं. भात बंद केला नाही, वाटी लहान केली. डब्यात मटकी-मुगाची उसळ, सोबत काकडी-टोमॅटो, संध्याकाळच्या वडापावऐवजी चणे आणि ताक, शिवाय रोजचं चालणं. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ, असं त्या म्हणाल्या. काही आठवडे तेवढंही उतरत नाही. ताई म्हणते, चालेल. वांद्र्याला ग्राहक आयोगात तिची तक्रार दाखल झाली आहे, पुढची तारीख मिळाली आहे आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे.