रेस्क्यूची पगारी नोकरी की रविवारचं स्वयंसेवन?

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. बहुधा हिंजवडी नाहीतर खराडीत काम करणारं, तिशीच्या आतबाहेरचं. "ताई, लॅपटॉपचा वीट आलाय. प्राण्यांसाठी काहीतरी करायचंय. राजीनामा देऊन एखाद्या संस्थेत लागू का?" मी पुण्यातल्या एका प्राणी-रेस्क्यू संस्थेत दोन वर्षं रविवारी जात होते, मग चार वर्षं पगारावर होते आणि आता पुन्हा रविवारवाली आहे. तेव्हा दोन्हीकडचे ओरखडे अंगावर आहेत.

सगळ्यात मोठा फरक आधी सांगते. रविवारी जाणाऱ्याला प्राणी निवडता येतो. तीन पायांचा गोड काळू असेल तर त्याला फिरवायला न्यायचं, चावरी भुरी असेल तिच्या केनेलपाशी, म्हणजे पिंजऱ्यापाशी, जायचं नाही. नोकरीत जो येईल तो तुमचा. शिवाय ज्याला घेता येणार नाही, त्याला नाही म्हणायचं कामही तुमचंच.

हेल्पलाइनवर मी आठ महिने बसले. पावसाळ्यातली एक सकाळ घ्या. गाड्या दोन, त्यातली एक गॅरेजमध्ये. कात्रजला कुत्रीला टेम्पोने उडवलंय, मागचे दोन्ही पाय ओढत चाललीय. वारज्यात गाय गटारात पडलीय. आणि एका सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, पार्किंगमध्ये चार पिल्लं आहेत, अर्ध्या तासात उचला. पिल्लं धडधाकट, आई जवळच. अशी लस न झालेली पिल्लं शेल्टरमध्ये आणली की पार्व्हो नाहीतर डिस्टेंपर, हे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे आजार, लागण्याची भीती, म्हणून ती आहेत तिथेच बरी. हे समजावून सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "मग डोनेशन कशाला घेता?" अशी पंचवीसेक बोलणी खाऊन संध्याकाळी घरी जायचं आणि आईला "आज काय केलंस?" याचं उत्तर द्यायचं. त्या दिवशी मी एकाही प्राण्याला हात लावलेला नसायचा.

हात लावायचा म्हणजे काय, तेही ऐका. कानामागे अळ्या पडलेला कुत्रा गाडीतून उतरायच्या आधी वास उतरतो. एकाने डोकं धरायचं, गॉझच्या पट्टीने तोंड बांधायचं, जखमेभोवतीचे केस काढायचे, औषध मारायचं आणि थांबायचं. अळ्या श्वासासाठी वर येतात, मग चिमट्याने एकेक काढायची. एकदा मी मोजत होते, साठच्या पुढे सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही, कारण आत खोलवर काही राहिलेल्या असतातच. रविवारी येणाऱ्याला ती जखम गुलाबी होऊन भरत आलेली दिसते आणि तो फोटो काढतो. त्यात वाईट काही नाही, मीही काढायचे. मात्र ज्याला तो फोटो पाहून नोकरी करावीशी वाटते, त्याने आधीच्या सहा दिवसांचा विचार केलेला नसतो.

आणि मग सोडणं. बरा झालेला रस्त्यावरचा कुत्रा कायम शेल्टरमध्ये राहात नाही. नसबंदी आणि रेबीजची लस झाली, कानाला खूण केली की त्याला जिथून आणलं तिथेच सोडायचं, हे २००१ च्या नियमांत होतं आणि २०२३ च्या नव्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्मनियंत्रणाच्या, नियमांतही आहे. कागदावर सोपं वाटतं. गाडीचं दार उघडता तेव्हा समोर चार माणसं उभी असतात आणि त्यातला एक म्हणतो, "परत आणलात तर बघा." २०२५ पासून हे आणखी अवघड झालं. ऑगस्टमध्ये दिल्लीची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्येच ठेवायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, अकरा दिवसांत त्यात बदल झाला, नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं यांच्याबद्दल वेगळा आदेश आला, तिथून उचललेली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत असा. प्रत्येक वळणावर गाडीतल्या माणसाशी लोक हुज्जत घालतात, जणू निकाल त्यानेच लिहिला. स्वयंसेवक अशा वेळी बहुधा घरी असतो.

पगाराचं थोडक्यात. मला सुरुवातीला चौदा हजार मिळायचे, सोडताना बावीस. पशुवैद्यकाची पदवी असेल तर गणित वेगळं, पण ती साडेपाच वर्षांची असते आणि तिशीत कुणी त्या वाटेला जात नाही. मुलाखतीत लाजू नका, पीएफ आहे का विचारा. वीस किंवा जास्त माणसं पगारावर असतील तर तो लागू होतो. मी होते तिथे कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवलेला, निधी यायचा. त्यातून नवी कोरी ॲम्ब्युलन्स मिळायची, दोन्ही बाजूंना कंपनीचं नाव रंगवलेलं. डिझेलला आणि ड्रायव्हरच्या पगाराला मात्र कुणी पैसे देत नसे, कारण त्यांच्यावर नाव रंगवता येत नाही. दिवाळीच्या आधीचा आमचा पगार एकदा सतरा दिवस उशिरा झाला. स्वयंसेवकाला फक्त पेट्रोल पडतं आणि जीन्सची वाट लागते.

लशीचं दोघांनाही सारखंच सांगणं. प्राण्यांत काम करणाऱ्याने रेबीजची लस चावायच्या आधी घ्यायची असते. आपल्याकडे सहसा तीन डोस देतात, शून्य, सात आणि एकवीस किंवा अठ्ठावीसाव्या दिवशी. हे झालेलं असलं तरी चावल्यावर पंधरा मिनिटं साबणाने धुणं आणि पुढचे डोस चुकत नाहीत. पगारी माणसाला हे संस्थेने द्यायला हवं. स्वयंसेवकाला बहुतेक ठिकाणी कुणी विचारतही नाही. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही इतकी अडाणी की मला ते शौर्य वाटायचं.

बिबटे, घुबडं, साप यांच्या ओढीने येणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. वन्यप्राणी हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं काम, वनखात्याशिवाय पान हलत नाही, त्यांच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवायचं. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं केंद्र आहे. त्या पट्ट्यात ऊसतोडीत बछडी सापडतात. तपासून, टोपलीत नाहीतर खोक्यात घालून, सापडली तिथेच अंधार पडल्यावर ठेवतात आणि सगळी माणसं लांब होतात. रात्रीत आई येऊन नेते. या कामाचं कौशल्य म्हणजे हात न लावणं. माणसाची सवय लागली तर त्या जनावराचं परत जाणं अवघड होतं, म्हणून पिंजऱ्यावर कापड टाकायचं, बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही. लाड करायची हौस असेल तर इकडे फिरकू नका. रविवारवाल्याला यात शिरकाव फारसा नाही. अपवाद संक्रांतीचा. बंदी असूनही नायलॉन मांजा येतोच, घारी आणि घुबडं पंख कापून पडतात, आणि तेव्हा खोकं घेऊन दुचाकीवर पळणारा माणूस सोन्याचा.

मुंबईकरांसाठी आणखी एक प्रकार आहे, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारखा. ते १८८० च्या दशकातलं. अशा हॉस्पिटलात लोक स्वतःची जनावरं घेऊन येतात, त्यामुळे तिथे जितकी जनावरं तितकीच माणसं सांभाळावी लागतात.

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कंटाळवाणं काम लसीकरणाचं आहे. गोव्यात २०१३ पासून गल्लोगल्ली जाळी घेऊन कुत्री पकडली, टोचली, अंगावर रंगाची खूण केली, सोडली. वर्षानुवर्षं हेच. २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. त्यात एकाही कुत्र्याची हृदयद्रावक गोष्ट नाही, म्हणून त्याला कुणी रील करत नाही.

आता मनाचं. डिस्टेंपरच्या कुत्र्याला झटके येत असतात, तो खात नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता झोपवूया, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण देऊया. पाय कुणीतरी धरायचा असतो. तिथे मी एक गोष्ट पाहिली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडे सगळ्यात जास्त टिकले ते प्राणिप्रेमाने आलेले नव्हते. आमचे ड्रायव्हर दादा टेम्पो चालवायचे, घराजवळ नोकरी म्हणून लागले, पहिला महिनाभर कुत्र्याला घाबरायचे. केनेल धुणाऱ्या मावशींना मांजर अजूनही आवडत नाही. दोघांना दहा वर्षं होत आली. मावशी सहाला पाणी बंद करतात, झाडू उलटा ठेवतात आणि जातात. माझ्यासारखे, फोन उशाशी घेऊन झोपणारे, दीड-दोन वर्षांत गळाले. मी चार काढली ती निव्वळ हट्टाने, आणि शेवटच्या वर्षी मी फोनवरच्या लोकांशी जशी बोलायचे ते आठवलं की आजही लाज वाटते.

तर, घरचा हप्ता नसेल, सहा वाजता झाडू ठेवता येत असेल आणि चार पिल्लांना नाही म्हणून रात्री जेवण जात असेल, तर नोकरी करा. संस्थांना अशी माणसं हवीच आहेत. असं नसेल तर आहे ती नोकरी टिकवा. दर रविवार न चुकवणारा, लस घेतलेला, केनेल धुवायला नाक न मुरडणारा स्वयंसेवक आणि त्याच्या पगारातून दरमहा येणारे दोन हजार, हे संस्थेला पुष्कळ आहे. त्यातून डिझेल भरता येतं.

नक्की ठरत नसेल तर राजीनाम्याआधी आठवडाभराची रजा टाका आणि सोमवार ते शनिवार सलग जा. एक रात्रपाळी मागून घ्या, दोन दिवस फोनवर बसायला मागा. रविवार वगळा, त्या दिवशी गर्दी असते आणि सगळे प्राणी आंघोळ केलेले असतात.